कापायला दिलेला गाऊन

मार्थामावशी उपाशी माणसाचं माप घ्यायच्या नाहीत. ब्लाउज शिवायला टाकायला गेलं की पहिला प्रश्न, "जेवलात का?" आणि उत्तर काहीही दिलं तरी पुढ्यात बशी यायचीच. कधी पोहे, कधी कालची भाकरी तव्यावर कडक करून वर तेल-चटणी. ते खाऊन होईपर्यंत टेप त्यांच्या गळ्यात लोंबत राहायची. "उपाशीपोटी घेतलेलं माप खोटं येतं बाई. मग घरी जाऊन तुम्ही जेवता आणि हुक तुटतो. नाव माझं खराब." मला घाई असायची. मला आयुष्यभर घाईच होती, आणि ती नेहमी कुठल्या तरी वस्तूसाठी असायची. पडदे, मिक्सर, टाइल्स.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. म्हणून मावशी मला 'बाई' म्हणायच्या, वयाने सात-आठ वर्षांनी मोठ्या असूनही. ओळख कल्याणच्या चर्चमधली. मी पुढच्या बाकावर, कीबोर्डशेजारी. त्या सगळ्यात मागे, दाराजवळ, कारण उशिरा येणाऱ्या बायकांची पोरं कुणीतरी धरायला हवीत असं त्यांचं म्हणणं. मूळच्या नगरकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन गुजरातेत. कल्याणजवळ मोहन्याला चाळीत एक खोली, त्यात एक पलंग, एक कपाट, एक मशीन आणि बाकी सगळे लोकांचे कपडे. शिवण मात्र अशी की उलटून बघितलं तरी आतून सुलटच वाटावं. शिलाईच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायच्या. बायका जाड होतात, बाळंतपणं होतात, कपड्याने त्यांच्याबरोबर वाढायला नको का, असं विचारायच्या. बाळंतपणानंतर कुणी तोच ब्लाउज घेऊन आली, की तो उसवून सैल करून द्यायच्या आणि तिच्याकडून मजुरी घ्यायच्या नाहीत.

वस्तूंच्या बाबतीत ही बाई ठार वेडी. म्हणजे तेव्हा मी असं म्हणायचे.

त्यांचं चांगलं पायमशीन होतं, नवऱ्याने हौसेने घेऊन दिलेलं. चाळीतल्या एका पोरीला नवऱ्याने टाकलं, तर ते मशीन तिला देऊन मोकळ्या झाल्या आणि स्वतः माळ्यावरचं जुनं हातमशीन काढून बसल्या. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने कापड सरकवायचं. मी म्हटलं, "मावशी, अहो, तुमच्या मिस्टरांची आठवण होती ती." तर म्हणाल्या, "मिस्टर कुठं त्याच्यावर बसून राहिलेत?" पुढे सहा महिन्यांत त्या पोरीने मशीन विकून टाकलं. ही बातमी मीच आनंदाने त्यांना नेऊन सांगितली. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला होता मला. बघा, मी म्हणत नव्हते का, असा. मावशींनी चाक थांबवलं, जरा विचार केला. "अडचण असेल गं पोरीला," एवढंच म्हणाल्या, आणि डबा भरून तिच्याकडे निघाल्या.

मी एकदा त्यांना कपबशांचा सेट दिला, नाताळात. निळी नाजूक फुलं होती. तीन आठवड्यांनी गेले तर चहा पुन्हा त्याच पोचे पडलेल्या स्टीलच्या पेल्यात. कप कुठे आहेत? शेजारच्या कांबळ्यांकडे. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि घरात एकसारखे सहा कप नव्हते.

"मग परत नाही दिले त्यांनी?"

"मीच म्हटलं राहू द्या. लग्न जमलं त्या कपांवर. आता मागायचे व्हय?"

"पण मी ते तुम्हाला दिलेले मावशी."

"मला दिले ना? म्हणूनच मला देता आले."

मी रागाने तो पेला अर्धा ठेवून उठले. पुढच्या नाताळात त्यांना फक्त केक दिला. केक तरी त्या स्वतः खातील असं वाटलं होतं. तोही चाळभर फिरला.

आता सोफ्याचं सांगते. हे सांगायला मला आवडत नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरी घरप्रार्थना होती. मंडळीतली पंधरा-वीस माणसं येणार होती. सोफा नवा, वरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नव्हतं. मार्थामावशी येताना दोघींना बरोबर घेऊन आल्या. तीन घरी धुणीभांडी करणारी एक बाई, नुकतीच आमच्या मंडळीत यायला लागलेली, आणि तिची सतरा-अठरा वर्षांची मुलगी. मावशींनी दोघींना नेऊन सोफ्यावर बसवलं आणि स्वतः मध्ये बसल्या. मुलीच्या तळव्यांना भेगा होत्या, त्यात काळं रुतलेलं. माझी नजर तिथेच. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "खाली सतरंजी घातलीय हं, पाय मोकळे होतील." मुलगी पटकन उठली. आईही उठली. मग मार्थामावशीही उठल्या आणि त्यांच्या शेजारी खाली बसल्या. नंतर आलेल्यांना वाटलं खालीच बसायचं आहे. पाळकसाहेबसुद्धा मांडी घालून खाली बसले. सगळी प्रार्थना होईपर्यंत तो सोफा प्लास्टिकसकट मोकळा राहिला, आणि त्या दिवशी पाळकसाहेब संपत्तीच्या मोहावरच बोलले. मी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.

आता गाऊन. मार्थामावशींकडे एक पांढरा गाऊन होता, त्यांनी स्वतःच्या मुलीसाठी शिवलेला. मुलीचं लग्न झाल्यावर तो कपाटात गेला नाही, फिरायला लागला. ज्या घरात गाऊन घेण्याची ऐपत नाही तिथली मुलगी लग्नात तो घालायची. मावशी दर वेळी उसवून, टाके घालून तो नव्या अंगाला बसवायच्या. कंबरेला सुईच्या भोकांची चाळण झाली होती. किती मुलींनी तो घातला ते त्यांनाही आठवत नसे, पण कुठल्या मुलीला कुठे सैल करावा लागला ते बरोबर सांगायच्या. एका उन्हाळ्यात उंदरांनी तो कुरतडला. मला सांगताना रडल्या होत्या. नवऱ्याचं मशीन गेल्यावर न रडलेली बाई गाऊनसाठी रडते, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

माझ्या रिबेकाचा गाऊन मात्र बेंगळुरूहून आणलेला. सॅटिन, वर जाळी, बाह्यांना मोती, मागे जमिनीवर लोळणारा दोन हात लांब घोळ. लग्न झालं, ती दुबईला गेली, गाऊन डांबराच्या गोळ्यांसकट माझ्या कपाटात. मी अधूनमधून काढून बघायचे. मग नात झाली. आमच्या घरात एक पद्धत आहे, आईच्या लग्नाच्या गाऊनमधून बाळाच्या बाप्तिस्म्याचा फ्रॉक शिवायचा. रिबेका बाळाला घेऊन डिसेंबरात येणार होती. मी गाऊन मावशींकडे नेऊन दिला आणि म्हटलं, कापा.

त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, शिलाया बघितल्या. "एवढा घोळ. तुमची नात केवढीशी," म्हणाल्या.

आठवड्याभराने त्यांचा फोन आला. मी तेव्हा ठाण्यात, टाइल्सच्या दुकानात होते. बाळकुमला आम्ही नवा फ्लॅट घेतला होता, आणि बाथरूमला कुठल्या रंगाच्या टाइल्स लावायच्या यावर माझं आणि यांचं दुकानातच वाजलं होतं. मावशी म्हणाल्या, "बाई, तो गाऊन कापायच्या आधी त्याचं एक काम होतं. कसं सांगू, एका पोरीचं..." मी मध्येच तोडलं. "मावशी, गाऊन तुमच्याकडे दिलाय ना? मग तुम्हाला हवं ते करा. फक्त डिसेंबरच्या आत फ्रॉक झाला पाहिजे. मला आत्ता अजिबात वेळ नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "खरंच करू ना?" मी हो, हो म्हणून फोन ठेवला. सेल्समन समोर उभा होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी टिटवाळ्याला लग्न होतं. आमच्या मंडळीतली काही कुटुंबं तिकडे राहायला गेली आहेत, तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना भरते. कीबोर्ड वाजवायला कुणी नव्हतं म्हणून पाळकसाहेबांनी मला विचारलं. लग्न कुणाचं हे मी नीट ऐकूनही घेतलं नाही.

वधू दारात आली, मी वाजवायला लागले. सवयीने मान वर केली आणि मला रिबेकाचा गाऊन दिसला. आधी गाऊनच दिसला. मोती, जाळी, मागचा घोळ. चेहरा नंतर. सोफ्यावरून उठवलेली तीच मुलगी.

माझे हात थांबले. ती मुलगी एक पाय पुढे टाकून तशीच दारात थबकली. कुणीतरी विचारलं, लाइट गेली काय. तेवढ्यात मागून मार्थामावशींचा आवाज आला. त्यांचा आवाज म्हणजे सुराशी उभा दावा. तीस वर्षं मी त्यांना गाताना ऐकून कपाळाला हात लावलाय. त्या टाळ्या वाजवत आमच्याकडचं लग्नातलं एक जुनं गाणं म्हणायला लागल्या, बाकीच्या बायकांनी उचललं, आणि ती मुलगी त्या बेसूर गाण्यावर चालत पुढे आली. मला वाटलं, माझ्या मुलीच्या गाऊनने हॉलचा केर काढणार ही. मंगलविधीचा एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. मनात एकच, घाम. हिचा घाम लागलेल्या कापडाचा फ्रॉक माझ्या नातीच्या अंगावर.

विधी संपला, फोटोंसाठी सगळे उभे राहिले. मी सरळ मार्थामावशींकडे गेले. शेजारी नवऱ्या मुलाची आई उभी होती, तिची मला पर्वा नव्हती.

"हा गाऊन माझ्या रिबेकाचा आहे."

हे हळू म्हणता आलं असतं. मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात म्हटलं.

मुलाची आई वळली. "म्हणजे? गाऊन कुणाचा? मागून आणलाय का उचलून?" तिने सुनेकडे बघितलं. "पहिल्याच दिवशी चोरीचा कपडा घालून येतीयेस माझ्या घरात?" मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला. मुलगी हातातल्या फुलांकडे बघत उभी होती.

मार्थामावशी दोघींच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "विहीणबाई, पोरीला काही ठाऊक नाही. तिच्या आईलाही नाही. मी ह्यांच्या घरचा गाऊन न विचारता आणला. शिव्या मला द्या."

"न विचारता म्हणजे चोरीच की."

"व्हय. चोरी म्हणा. पण माझी."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोनचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. मला फोन आठवत होता. 'तुम्हाला हवं ते करा' हे माझे शब्द, त्या दुकानातल्या एसीच्या गारव्यासकट आठवत होते. मावशींना दिसत होतं की मला आठवतंय. त्या थांबल्या होत्या, मी बोलावं म्हणून. मी बोलले नाही.

"फोटो होईस्तोवर राहू द्या बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. फक्त हात पुढे केला.

शाळेचा एक वर्ग होता बाजूला, त्यात त्या मुलीला घेऊन गेल्या. दहा मिनिटांनी मुलगी बाहेर आली ती मार्थामावशींची अबोली साडी नेसून, ब्लाउज ढगळ, जागोजाग पिना लावलेला. मावशी बाहेर आल्या त्या मुलीच्या रोजच्या पंजाबी ड्रेसमध्ये. दंडाला घट्ट, पोटावर ताणलेला, पासष्टीची बाई. लोक हसले. मावशीही हसल्या, म्हणाल्या, "माप न घेता घातलं की असं होतं." मग मुलीचा हात धरून तिला फोटोत उभं केलं. गाऊन घडी करून, त्यातला एकही मोती न हलवता, एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. मी रिक्षात बसून स्टेशनवर आले. पिशवी मांडीवर धरून.

फ्रॉक ठाण्याच्या दुसऱ्या टेलरकडून शिवून घेतला. आधी गाऊन ड्रायक्लीन करून घेतला, दोनदा. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं. रिबेकाने विचारलं, मार्थामावशी का नाही आल्या गं? मी म्हटलं, बरं नसेल.

मंडळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. मार्थाबाईने गाऊन चोरला. पुढच्याच रविवारी तिघीचौघींनी आपापले ब्लाउज पीस परत मागून घेतले. आम्ही ख्रिस्ती माणसं क्षमा करतो, पण नवं कापड देत नाही. मावशी मग कल्याणातल्या एका दुकानाचे परकर शिवायला लागल्या, एकाच मापाचे, गठ्ठ्याने. ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येकीला जेवू घालून माप घेतलं, ती आता कुणाचंच माप घेत नव्हती. माझ्या एका वाक्याने हे थांबलं असतं. 'मीच त्यांना हो म्हटलं होतं.' एवढंच. ते म्हणायला किती वेळ लागतो?

म्हणायचं ठरवलंही होतं. एका रविवारी साक्ष देण्याची वेळ आली, कुणाला काही सांगायचंय का असं पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी उभी राहिले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, मागच्या बाकावर मार्थामावशी कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन बसलेल्या. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "प्रभूने आम्हाला बाळकुमच्या फ्लॅटचा ताबा दिला, त्याबद्दल मी आभार मानते." आणि खाली बसले. मागून सगळ्यांत आधी आमेन आलं ते मावशींचं. उपासना संपल्यावर त्या मुद्दाम पुढे आल्या, सलाम केला, माझा हात दाबला. "घर झालं ना बाई, छान झालं. सुखाने राहा." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

बाळकुमला गेल्यावर आम्ही ठाण्याच्या चर्चला जायला लागलो. यांना वाटतं जवळ पडतं म्हणून.

साडेतीन वर्षांनी कळलं की मार्थामावशींना लकवा झाला, उजवी बाजू गेली. मोहन्याला गेले, भर दुपारी. पिशवीत फळं होती. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. दार उघडलं ते त्या मुलीने. कडेवर एक पोर. तिने मला ओळखलं, चेहऱ्यावरून कळलं. क्षणभर दार धरून उभी राहिली, मग बाजूला झाली. "या. मावशी जाग्याच आहेत." नंतर कळलं, ती आणि तिचा नवरा टिटवाळा सोडून याच चाळीत राहायला आले आहेत. मावशींचं अंघोळपांघोळ, भरवणं, सगळं तीच करते.

मावशी पलंगावर. केस कुणीतरी नीट विंचरलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे बोलणं अडखळत, पण कळत होतं. मला बघून डावा हात उचलला. पहिलं वाक्य, "नात... किती मोठी झाली?" मग मुलीला खूण केली, बाईंना काहीतरी खायला दे. मी नको म्हणाले नाही. ती स्टोव्हकडे वळली आणि मी पलंगाच्या कडेला बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. रडायलाच लागले. "मावशी, मी तुम्हाला हो म्हटलं होतं फोनवर. मला आठवत होतं. तिथे उभी असताना आठवत होतं. तुम्हाला चोर म्हणू दिलं मी सगळ्यांना. मला माफ करा."

मावशी रागावल्या नव्हत्या. मग डाव्या हाताने माझा हात त्यांनी बाजूला केला, पाणी सांडल्यावर बाजूला सारतात तेवढ्याच सहज.

"माझी... कशाला?" त्या म्हणाल्या. "तिची मागा."

मी मागे वळून बघितलं. ती मुलगी माझ्या पाठीमागेच उभी होती, एका हातात पोर, दुसऱ्या हातात उपम्याची बशी. तिने सगळं ऐकलं होतं. साडेतीन वर्षं मी हा प्रसंग मनात घोळवला, मावशींची माफी मागण्याची दहा वाक्यं जुळवली आणि मोडली. त्यात ही कुठेच नव्हती. लग्न तिचं होतं, भर हॉलमध्ये अंगावरचं उतरवून द्यावं लागलं ते तिला, आणि मी तिचा अपराध केलाय हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले. तिला हाक मारून सुरुवात करावी म्हणून तोंड उघडलं आणि तिथेच अडकले. मावशी पलंगावरून बघत होत्या. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असंच, मान वळत नसल्यामुळे फक्त डोळे आमच्याकडे वळवून वाट बघताना.

"तुझं नाव काय गं?" मी विचारलं.

तिने आधी बशी माझ्या हातात दिली. मग नाव सांगितलं.